तीनशे अठ्ठ्याऐंशी

नवा आयसी येतो तेव्हा त्याचे पाय
एका काळ्या स्पंजात रुतलेले असतात.
लोक आयसी ठेवतात, स्पंज फेकतात.
मी सर्जेकोटच्या बंदरावर
ट्रॉलरांचे वायरलेस अन् फिशफाइंडर उघडून बसणारा माणूस,
माझ्याकडे पावडरच्या डब्यात
असल्या स्पंजांची आठ वर्षांची बचत.

हा स्पंज वीज जाऊ देतो, पण कुरकुरत.
दाबला की कुरकुर कमी.
एवढंच तत्त्व. पुढचं सगळं कात्रीचं काम.

तांब्याचा बोर्ड करवतीनं कापला,
कॅरमच्या स्ट्रायकरएवढे दोन तुकडे.
खाऱ्या वाऱ्यानं त्यांच्यावर हिरवं धरलेलं,
ते चिंचेनं घासून काढलं.
एकेका तुकड्याला एकेक वायर डागली,
मधे स्पंज, भोवती टेप.
टेप सैल ठेवायची.
पहिल्यांदा मी ती आवळून बांधली,
तर यंत्राला वाटलं
कुणीतरी कायमचं बसलंय उरावर.

मग एक रेझिस्टर, तपकिरी-काळा-नारिंगी,
अन् मुलाच्या जुन्या प्रोजेक्टमधला छोटा बोर्ड.
पडद्यावर आकडा आला: एकशे बारा.
म्हणजे, कुणी हात लावलेला नाही.

मी दाबलं: पाचशे वीस.
तेवढंच पुन्हा दाबलं: सातशे एक.
तेवढंच, अगदी तेवढंच: चारशे पंचावन्न.
तेवढंच म्हणजे केवढं,
हे माझ्या अंगठ्याला ठाऊक नाही
असं एकूण निष्पन्न झालं.

इंदूआत्ते कुबल लिलावावरून येत होती,
टोपलीत बांगडे, वर बर्फाचा चुरा.
"काय करतंस रे?"
म्हटलं, मासा ताजा की शिळा ते सांगणारं यंत्र.
(तोवर असं काही ठरलं नव्हतं.
तिच्या तोंडाकडे बघून सुचलं.)
"मगे माझो अंगठो काय करतलो?"
असं म्हणत तिनं टोपली उतरवली,
ओला अंगठा लुगड्याला पुसला
अन् टेकवला. नुसता टेकवला,
जसा ती बांगड्याच्या पोटाला टेकवते,
गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, न बघता.

तीनशे अठ्ठ्याऐंशी.
पुन्हा दाब, म्हटलं.
तीनशे एक्क्याण्णव.
पुन्हा.
तीनशे अठ्ठ्याऐंशी.
मी वही शोधत होतो, ती पदर खोचत होती,
जाता जाता एकदा: तीनशे सत्त्याऐंशी.

मग ती थांबली. वाकली.
स्पंजाच्या कडेकडे एक डोळा बारीक करून बघितलं.
"हो तुझो स्पंज शिळो आसा."
शिळा?
"दाबलंय तो खळगो बघ. वर येना नाय.
ताजो आसतो तर टुणकन् वर इलो असतो."

पडद्यावर हात काढल्यावरचा आकडा:
एकशे चौऱ्याहत्तर.
एकशे बारा नव्हे.
एकशे एकाहत्तर, एकशे सत्तर,
हळूहळू, पाय ओढत,
ओहोटीला गाळातून होडी ढकलावी तसा.

तिनं टोपली डोक्यावर घेतली.
दोन बांगडे माझ्या टेबलावर राहिले,
सोल्डरच्या रिळाशेजारी.
ते विसरले की दिले, मी विचारलं नाही.

डब्यातले बाकीचे स्पंज मी एकेक करून
तिच्यासारखे दाबून बघितले.
आठ वर्षांतले सहा टुणकन् वर आले.
उरलेले माझ्याच वयाचे निघाले.

दुकान बंद केलं, बोर्ड चालूच राहिला.
सकाळी नोंदी वाचल्या:
अकरा वाजता एकशे एकोणीस. साडेबाराला एकशे चौदा.
दोन वाजून दहा मिनिटांनी अचानक
दोनशे तीस, दोनशे साठ, दोनशे तीस, दोनशे साठ,
चार मिनिटं, एका लयीत.

टेपवर आत्तेच्या अंगठ्याचा वास होता,
वर एक चिकटलेला खवला. तो आता नव्हता.
बाजूला तिखट केसांचा एक पांढरा पुंजका.

वहीत लिहिलं:
मांजर. जिभेचा दाब.
चाचणी समाधानकारक.